सरांची झोप

आमच्या सरांना झोप लागावी म्हणून आम्ही उपदेश करायला शिकलो. इतर ठिकाणी ख्रिस्ती पाळक होऊ घातलेली मुलं लोकांना जागं कसं करावं ते शिकत असतील. शहाद्याच्या बाहेर, केळीच्या बागांना खेटून असलेल्या आमच्या धर्मविद्यालयात मात्र उलटी गंगा वाहत होती, आणि ती दर शुक्रवारी, दुपारच्या जेवणानंतर वाहायची.

सर वर्गात यायचे, शेवटच्या बाकाखाली चपला काढायचे, बाकावर आडवे व्हायचे, चौकड्यांचा मोठा रुमाल तोंडावर पसरायचे आणि रुमालाखालून म्हणायचे, "चाल रे भाऊ, जपाड मले."

अहिराणीत झोपणं म्हणजे जपणं, आणि जपाड म्हणजे झोपव. ज्याची पाळी असेल तो पुढं जाऊन उपदेश सुरू करायचा. खिडकीबाहेर केळीची पानं हलायची, पाटाचं पाणी कुठंतरी वळायचं, आणि आम्ही बाकीचे, खरं सांगायचं तर, पहिल्या चार वाक्यांतच पेंगायला लागायचो. फक्त ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय ते झोपायचे नाहीत. मध्येच रुमाल हलायचा. सर उठून बसायचे, डोळे लालभडक, आणि म्हणायचे, "मले जाग ऊनी." झालं! तो मुलगा त्या दिवसापुरता नापास.

मुळात झोप लागलेलीच नसते तर जाग कुठून येते, असं आम्ही आपसांत म्हणायचो. त्यांच्यासमोर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

त्यांचं म्हणणं एवढंच होतं की खोटं कानावर पडलं की माणूस जागा होतो. "घरमा परका पाय वाजना का कुत्रं उठस. तसंच शे ते," ते म्हणायचे. आणि खोटं म्हणजे थापा नव्हे. उसनं बोलणं हेही त्यांच्या हिशेबी खोटंच. माझ्याबरोबरच्या एका मुलानं एकदा समुद्रातल्या वादळाचं फार सुंदर वर्णन केलं. लाटा काय, गर्जना काय, आमच्या अंगावर काटा आला. सर उठून बसले.

"तू समुद्र दखा का?"

"नाही, सर."

"तापीना पूर दखा?"

"पाहिलाय. आमचा गोठा गेला होता."

"मंग गोठा सांग ना भाऊ. समुद्र काब्र सांगी ऱ्हायना?"

त्या मुलानं मग गोठ्याचं सांगितलं. दोरी सोडायला आजोबा पाण्यात गेले ते सांगितलं. सर पुन्हा आडवे झाले आणि बराच वेळ रुमाल हलला नाही. तास संपला तेव्हा कळलं की ते जागेच होते. पण त्या मुलाची कॉलर आठवडाभर ताठ होती.

आता मी तोरणमाळला असतो. इथं काही दिवस ढगच खाली उतरतो, दारातून घरात येतो, चुलीपाशी थोडा बसल्यासारखा करतो आणि मागच्या दारानं निघून जातो. अशा दिवशी समोरचं झाडही दिसत नाही आणि सर मात्र दिसतात. सलग काहीच आठवत नाही. एक बुशशर्ट दिसतो, त्याचं एक बटण नेहमी चुकीच्या काजात. एक जुनी एम-एटी मोपेड दिसते, तिच्या मागच्या कॅरियरला सुतळीनं बांधलेली उशी. हो, उशी! सर जातील तिथं ती उशी जायची. लोक हसायचे. सर म्हणायचे, "कोठे झोप भेटनी तं तयारी नको?"

झोप गेली होती, बाई गेल्यापासून. बाई म्हणजे सरांच्या पत्नी; आम्ही त्यांना फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलेलं. त्यानंतर सरांना ना रात्री झोप, ना दुपारी. नंदुरबारच्या डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या. जायफळ उगाळून दुधातून झालं. काशाच्या वाटीनं तळपाय घासून झाले. पालथ्या घड्यावर पाणी. जराशी डुलकी लागली की ते दचकून उठायचे आणि आधी बाजूला बघायचे, कोण आहे, कोण नाही. आम्हाला हे दिसायचं, वाईट वाटायचं. म्हणून तर शुक्रवारचा तास आमच्यासाठी नुसता तास नव्हता. या माणसाला कुणीतरी एकदा झोपवावं, असं प्रत्येकाच्या मनात असायचं, आणि ते आपण असावं, असंही असायचं. देवाच्या कामाला लागलेली मुलं होतो आम्ही, पण हाव काही गेली नव्हती.

कुणीतरी सांगितलं, एसटीत सगळ्यांना झोप येते. सर उशी घेऊन शहाद्याच्या स्टँडवर गेले आणि नंदुरबारच्या गाडीत बसले. नंदुरबारला उतरले नाहीत, त्याच गाडीनं परत आले. मग पुन्हा गेले. असं कित्येक दिवस चाललं. कंडक्टरनं शेवटी कुठं जायचं हे विचारणंच सोडलं. पुढं पुढं ते आम्हालाही बरोबर न्यायला लागले आणि शास्त्राचा तास गाडीतच व्हायला लागला. खिडकीतून ऊस, कापूस, पुन्हा ऊस. आत सगळी गाडी झोपलेली. एखाद्या बाईची मान शेजारणीच्या खांद्यावर, कुणाचं तोंड उघडं, हातात कोथिंबिरीची जुडी तशीच. सर हळूच बोट दाखवायचे.

"दख. सहा दिन कापूस येचस ती. रविवारले ती तुन्हा समोर येई बसी. तू तिले काय सांगशी? जागी ऱ्हाय? अरे, ती दमेल शे. देवना घरमा तिनी डोया लावात तं तुन्हा काय बिघडना?"

मग स्वतःशीच म्हणायचे, "भरोसा ऱ्हास तठेच मानूस जपस." आणि खिडकीबाहेर बघत राहायचे. गाडीत एकटे तेवढे जागे. ड्रायव्हर धरून दोघे म्हणू या.

त्यांचा राग फक्त एका शब्दावर होता: प्रियजनहो. उपदेशात कुणी 'प्रियजनहो' म्हटलं की त्यानं तास संपल्यावर आडावरून एक बादली पाणी काढून आवारातल्या पपईला घालायचं. "नाव माहीत नही त्याले प्रियजन म्हनस का कोनी?" ते विचारायचे. विद्यालयातली बाकीची झाडं उन्हाळ्यात माना टाकायची. पपई मात्र अशी वाढली की फळं काढायला शिडी लागायची. पाहुणे आले की विचारायचे, खत कोणतं घालता? आम्ही एकमेकांकडं बघायचो.

माझी अडचण वेगळीच होती. घरी आम्ही पावरी बोलतो. मराठी मी आश्रमशाळेत शिकलो आणि अहिराणी शहाद्याच्या स्टँडवर, 'आठे' म्हणजे इथं आणि 'तठे' म्हणजे तिथं इथपासून. त्यामुळं मनात एक, कानात दुसरी आणि कागदावर तिसरी, अशी माझी तीन तिघाडा गत. लिहायला बसलो की शाळेतले गुरुजी डोक्यात बसायचे आणि अगदी धड्यातलं मराठी उतरायचं. सर माझा कागद कधी बघायचे नाहीत. "कागद डोया करता ऱ्हास, मी तं डोया मिटी लेस," असं त्यांचं उत्तर.

आमची मंडळी प्रेसबिटेरियन. म्हणजे आमच्यात बिशप नसतो, सगळं मंडळीचे वडील मिळून ठरवतात. पाळक कोणाला करायचं तेही वडिलांची सभाच ठरवते. मी पहिल्यांदा घरी जाऊन हे सांगितलं तेव्हा माझ्या बाबाचा चेहरा पडला. त्यानं विडी पेटवली आणि म्हणाला, "मग मी कोण?" त्याला वाटलं, पोरानं खाली जाऊन दुसरे वडील केले. वडील म्हणजे नुसते मोठे जाणते लोक, हे समजावता समजावता विडी संपली, तरी त्याची पूर्ण खात्री पटली असं मला वाटत नाही.

सर आम्हाला ग्रीकही शिकवायचे. शास्त्राचा नवा करार मूळ त्या भाषेत आहे, म्हणून ती शिकावी लागते. आमच्या डोक्यावरून जायची. विशेषतः तिच्यातले भूतकाळ. एक भूतकाळ असा की घडलं आणि संपलं. दुसरा असा की ते चालूच राहतं. आम्ही पुन्हा पुन्हा चुकायचो. एका दुपारी सर खडू घेऊन फळ्यापाशी गेले आणि त्यांनी ग्रीक न लिहिता आपल्या घरची दोन वाक्यं लिहिली.

ती गई.

मी जपेल व्हतू.

"पहिलं दखा," ते म्हणाले. "ती गई. एकदाव घडनं, सरनं. हाऊ पहिला काळ." मग त्यांनी दुसऱ्या वाक्याखाली रेघ ओढली. "आते हाई दखा. मी जपेल व्हतू. हाई सरत नही. हाई आजबी चालूच शे. हाऊ दुसरा काळ."

नंदुरबारच्या इस्पितळात बाईंच्या खाटेशेजारी सर कितीतरी दिवस जागे होते, आणि एका दुपारी स्टुलावर बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं हलवलं तेव्हा सगळं आटोपलेलं. हे आम्ही इकडून तिकडून ऐकलेलं होतं. सरांच्या तोंडून तेव्हाच आलं, तेही व्याकरण म्हणून. त्यांनी फळा पुसला आणि पुढचा धडा काढला. ते दोन भूतकाळ त्यानंतर आमच्यातला एकही मुलगा चुकला नाही. असं शिकणं नको होतं, असं मला आजही वाटतं.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला वडिलांच्या सभेपुढं एक उपदेश करावा लागतो. तो पसंत पडला की मग पाळकपण. आमच्या सभेचा एक जुना रिवाज होता: उपदेश झाल्यावर मुलाच्या शिक्षकानं उभं राहून सर्वांदेखत म्हणायचं, "मी याचा साक्षी आहे." ते म्हटल्याशिवाय सभा पुढं सरकत नाही. शिक्षक आजारी असला, हजर नसला, तर मुलगा थेट पुढच्या वर्षी. उपदेश कितीही चांगला झालेला असो.

माझी सभा रनाळ्याकडच्या एका गावात भरली. पत्र्याचं लहानसं देऊळ, म्हणजे चर्च, आत बाकं, मागं सतरंज्या. फाल्गुन लागलेला, कापूस घरात आलेला. अध्यक्षसाहेब शहरातून यायचे होते. त्यांची गाडी वाटेत बिघडली आणि सकाळची सभा दुपारच्या जेवणानंतर ठरली. गावकऱ्यांनी वरण-बट्टी केलेली. वरण-बट्टी खाऊन, तापलेल्या पत्र्याखाली बसलेली माणसं. माझ्यापुढं काय वाढून ठेवलंय ते बघा!

बाबा तोरणमाळहून आला होता. वरच्या पाड्यांवरची माणसं जीपगाडीत दाटीवाटीनं भरून आणली होती त्यानं. आमच्याकडं तेव्हा पाळक नव्हता. कुडाच्या भिंतींचं देऊळ लोकांनी बांधून ठेवलं होतं, कितीतरी लेकरांचा बाप्तिस्मा अडला होता, आणि सगळ्यांनी धरून चाललेलं की पोर आज पास होणार आणि याच जीपमधून वर येणार. बाबा नवा पांढरा सदरा घालून तिसऱ्या ओळीत बसला होता. सर नेहमीप्रमाणं शेवटच्या बाकावर. मोठ्या लोकांपुढं आडवं व्हायचं नाही एवढं पथ्य पाळून ते भिंतीला टेकून बसले होते.

मला विषय दिला होता: देवाची काळजी. आता 'काळजी घेणे' हे मला काही केल्या आवडेना. दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेलं असतं तसं वाटायचं. खूप शोधून मी एक शब्द काढला होता. जपणं. फुलासारखं जपणं, डोळ्यांत तेल घालून जपणं. किती मऊ शब्द! रोज सरांच्या तोंडून "जपाड मले" ऐकणारा मी, पण कागदावर लिहिताना तो शब्द शाळेतून आला आणि माझ्या कानाला पत्ताच लागला नाही. वसतिगृहातल्या माझ्या खोलीतली मुलंही सगळी डोंगरातली. त्यांनाही सुधरलं नाही.

मी उभा राहिलो आणि घसा साफ करून म्हणालो, "देव जपतो."

मागच्या सतरंजीवर कुणीतरी खुदकन हसलं.

"देव दिवसा जपतो. देव रात्री जपतो."

हसू पुढं सरकलं. मला वाटलं, लोकांना आवडतंय. मला चेव आला.

"आपण संकटात हाका मारत असतो, आपल्याला काही कळत नाही, पण त्या वेळीसुद्धा देव जपतच असतो!"

बायकांनी तोंडाला पदर लावले. बाप्यांचे खांदे हलायला लागले. अध्यक्षसाहेब चष्मा काढून इकडं तिकडं बघू लागले; ते शहरातले, त्यांना वाक्यात काहीच वावगं दिसेना. तेवढ्यात सतरंजीवरची एक म्हातारी गुडघ्यावर हात देऊन उभी राहिली.

"दादा," ती म्हणाली, "देव इतला जपस, तं मंग आम्हनं कोन आयकी?"

सगळं देऊळ खो खो हसलं. आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. कागदावरची अक्षरं एकात एक शिरली. पण म्हातारी हसत नव्हती. ती उभीच होती. तिला खरंच विचारायचं होतं, बहुधा खूप दिवसांपासून, आणि आज माझ्या चुकीनं तिला दार सापडलं होतं. हळूहळू लोकांच्याही ते लक्षात आलं आणि हसू ओसरलं.

मी सरांकडं पाहिलं. ते भिंतीपासून सरळ झाले होते आणि माझ्याकडं बघत होते. ते लाल डोळे मी विसरणार नाही. प्रश्न म्हातारीनं विचारला होता, पण उत्तराची वाट दोघं बघत होते.

मी कागद घडी करून ठेवला. काय बोललो ते मोडक्यातोडक्या मराठीत बोललो, इकडं पावरी घुसली, तिकडं अहिराणी.

मी म्हणालो, "आजी, मला माहीत नाही. आमच्या घरचं सांगतो. वर आमचा मका असतो. रानडुकरं येतात. बाबा शेतातल्या माळ्यावर राखणीला जायचा. दिवसभर राबलेला माणूस, जाऊन झोपायचाच. त्याचं घोरणं घरापर्यंत ऐकू यायचं." वरच्या पाड्यांची माणसं हसली. बाबानं मान खाली घातली. "एका वर्षी तो असाच झोपला आणि डुकरांनी मका खाल्ला. सगळा. सकाळी बाबा घरी आला तो उंबऱ्यातच बसला, आत येईना. मला बाबाचा राग आला होता. मी आईला म्हणालो, हा झोपला म्हणून गेलं. आई म्हणाली, झोपला, पण कुठं झोपला? घरात झोपला का? शेतात झोपला ना! दमलेला माणूस शेतात झोपला, तरी ती राखणच असते. आणि ती उठून बाबाला हाताला धरून आत घेऊन आली."

मग मी म्हणालो, "आपला प्रभू येशूही वादळात झोपला होता, आजी. पण शिष्यांबरोबर नावेतच होता. किनाऱ्यावर नव्हता. मला एवढंच माहीत आहे."

म्हातारी "व्हय" म्हणाली आणि खाली बसली. मी पण बसलो.

अध्यक्षसाहेबांनी घसा खाकरला. ते वाईट माणूस नव्हते. कायद्याचे पक्के होते आणि सकाळपासूनच्या प्रवासानं वैतागले होते. "शब्दाचा घोटाळा मी समजू शकतो," ते म्हणाले. "पण उमेदवारानं व्यासपीठावरून, देव झोपत असेल, असं जवळजवळ कबूल केलं. शास्त्र तर उलट सांगतं."

गावातले एक वडील म्हणाले, "साहेब, पोऱ्यानी पोथी नही सांगी. त्यानी आजीले जबाब दिधा."

दोन्ही बाजूंनी थोडी चर्चा झाली. शेवटी साहेब म्हणाले, "ठीक आहे. त्याच्या शिक्षकांनी साक्ष दिली तर माझी हरकत नाही. सर?"

साहेबांनी मान उंचावून मागं पाहिलं.

"सर?"

सगळ्या माना मागं वळल्या. सर झोपले होते.

भिंतीला टेकलेलं डोकं एका खांद्यावर कललं होतं, तोंड थोडं उघडं, हात मांडीवरून सुटून बाकावर पडलेला. श्वास लांब, जड, वाळूवरून पाणी सरावं तसा. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या आम्हाला इतक्या पाठ होत्या की त्या नसल्यावर तो माणूस क्षणभर ओळखू येईना.

"उठवा त्यांना," साहेब मला म्हणाले.

मी मागं गेलो. फक्त खांद्यावर हात ठेवायचा होता. ते दचकून उठले असते, शेजारी बघितलं असतं, मग चार शब्द बोलले असते, आणि मी पाळक होऊन जीपमध्ये बसलो असतो. तिसऱ्या ओळीत बाबा मान वळवून माझ्याकडं बघत होता. वरची माणसं बघत होती. मला आमच्या पाड्यावरचं कुडाचं देऊळ दिसत होतं आणि अडलेली लेकरं दिसत होती, आणि हेही दिसत होतं की हात लावला की हे सगळं मिळतं. मी हात पुढं केला आणि तो जाईना.

मी परत पुढं आलो. "साहेब," मी हळू आवाजात म्हणालो, "मी पुढच्या वर्षी येतो."

"अहो, नुसतं हलवायचंय!"

"हो. तेच करवत नाही."

साहेब चिडले. माझ्याकडं बघितलं, मागं बघितलं, गावच्या वडिलांकडं बघितलं. त्या वडिलांनी वाकून त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं, बहुधा बाईंचं. साहेबांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला. नियम त्यांनी मोडला नाही. माझं नाव पुढच्या वर्षावर टाकलं. पण मग उभं राहून शेवटचा आशीर्वाद द्यायची वेळ आली तेव्हा तो त्यांनी असा कुजबुजत दिला की पहिल्या ओळीलाही धड ऐकू गेला नसेल. लोकांनी 'आमेन' नुसते ओठ हलवून म्हटलं. बायकांनी लेकरांना कडेवर घेऊन त्यांच्या तोंडावर हात ठेवले. आणि सगळं देऊळ, दाराबाहेरच्या चपला हातात घेऊन, तापलेल्या मातीवरून अनवाणी निघून गेलं. बाबा सगळ्यांत शेवटी निघाला. जाताना त्यानं माझ्या पाठीवर एकदा हात ठेवला. वरची माणसं पाळकाशिवायच परत जाणार होती, तरी जीप लांबपर्यंत ढकलत नेऊन मग चालू केली त्यांनी.

पुढच्या वर्षी मी पास झालो. सरांनी उभं राहून खणखणीत साक्ष दिली. त्या उपदेशातलं एक वाक्यही मला आठवत नाही, ऐकणाऱ्यांनाही आठवत नसणार. त्यानंतर सर रोज गाढ झोपायला लागले, असं लिहायला मला फार आवडलं असतं, पण ते खोटं होईल. कधी लागायची, कधी नाही. आता सर नाहीत. लोक मला विचारतात, तुमचं एक वर्ष फुकट गेलं ना? मी हो म्हणतो. समजावत बसत नाही.

त्या दुपारी मी देवळात त्यांच्या शेजारी बाकावर बसून राहिलो. ऊन दारातून आत आलं, सतरंजीवर सरकलं, भिंतीवर चढलं आणि पिवळं झालं. बाहेर कुठंतरी कापसाची गाडी गेली. मलाही गुंगी येत होती, पण मी डोळे मिटले नाहीत. माझ्या आयुष्यात इतका सुखाचा वेळ मी फार थोडा पाहिलाय, आणि मी नुकताच नापास झालो होतो.

ऊन जाता जाता सर जागे झाले. नेहमीसारखे दचकूनच. त्यांनी समोर पाहिलं. भरलेलं देऊळ रिकामं होतं. एकेका बाकावरून त्यांची नजर फिरत गेली आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. इस्पितळातल्या त्या स्टुलावर तो असाच झाला असणार.

"बठ्ठा गयात?" त्यांनी समोर बघतच विचारलं.

"हो, सर."

त्यांचा हात बाकावर चाचपडत होता. बाजूला बघायचं धाडस त्यांना होत नव्हतं.

"आन तू?"

मी तो हात धरला.

"मी आठेच शे, सर."